डाव्या हाताला काम

दिवाळीनंतर आत्या थोडे दिवस आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आली होती. सांगलीतल्या भजनी मंडळात तिने इतकी वर्षं पेटी धरली आहे की मंडळातल्या नव्या बायका तिला ‘पेटीवाल्या काकू’ म्हणूनच ओळखतात. आमच्या बंद करून घेतलेल्या बाल्कनीत माझा सगळा पसारा असतो: लॅपटॉप, हेडफोन, ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, त्याच्यापुढे कॉर्गचा नॅनोकंट्रोल २ नावाचा, सरकवायचे फेडर आणि फिरवायचे नॉब असलेला लांबट तुकडा, आणि या सगळ्यांच्या वायरी. दुपारी मी ऑफिसचा कॉल संपवून बाहेर आलो तर आत्या तिथे जाऊन बसलेली. मी दारातच थांबलो. तिने पदर सारखा केला, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, आणि डावा हात न बघता सरळ कीबोर्डच्या मागे नेला. तिथे भाता नव्हता, भिंत होती. हात भिंतीवर थोडा चाचपडला आणि परत येऊन मांडीवर पडला. मग तिने काळी चार दाबली. लॅपटॉप बंद होता. प्लास्टिकचं ‘टक’ एवढंच ऐकू आलं. तिने पुन्हा दाबली, मग शेजारच्या दोन-चार दाबून पाहिल्या. टक, टक, टक.

“अरे, मग हिच्यात आहे काय?”

मी सांगितलं की हिच्यात काहीच नाही, आवाज सगळा कॉम्प्युटरमध्ये असतो, ही फक्त त्याला सांगते कोणती पट्टी दाबली ते. “म्हणजे निरोप्या,” आत्या म्हणाली आणि मटार सोलायला निघून गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या डोक्यातून मात्र तो हात जाईना. प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, हाताला नव्हतं. ज्या हाताने आयुष्यभर हवा भरली त्याला माझ्या टेबलावर करण्यासारखं काही नव्हतं, आणि ही गोष्ट इतकी वर्षं त्याच टेबलाशी बसूनही माझ्या लक्षात आली नव्हती.

आत्याच्या पेटीशी माझी ओळख भात्याकडूनच झाली. सुट्टीत सांगलीला गेलो की संध्याकाळी ती पेटी काढायची. कधी लहर लागली की तिला दोन्ही हातांनी वाजवायचं असे, आणि मग भाता मारायला घरातलं एखादं पोर बसवलं जाई. ते पोर बहुतेक वेळा मीच असायचो. पेटीमागे मांडी घालून बसलं की पुढचं काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. लाकडाचा, जुन्या चामड्याचा आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांचा मिळून एक वास यायचा. भाता दाबला की फटीतून बारीक हवा गुडघ्यावर लागायची. लक्ष उडालं, की सूर आधी किंचित उतरल्यासारखा वाटायचा, मग बारीक व्हायचा, आणि आत्या वाजवणं न थांबवता पुढून “हवा!” असं ओरडायची. फार जोरात मारलं तरी ओरडा बसायचा, कारण मग सूर किंचाळायचे. दोन्हींच्या मधली जी चाल आहे ती कुणी शिकवली नाही. आतला भाता भरत आला की हाताला तो थोडा फुगून विरोध करतो, त्या विरोधावरून कळतं. मला पुढे पेटी धड वाजवता आली नाही, पण भाता मारता येत होता, हे मी ठामपणे सांगू शकतो.

आता त्या ‘हिच्यात काहीच नाही’बद्दल. मिडी कीबोर्डची पट्टी दाबली की वायरीतून आकडे जातात, तीन. पहिला सांगतो की पट्टी दाबली गेली आणि सोळा चॅनेलपैकी कोणत्या चॅनेलवर. दुसरा सांगतो कोणती. तिसरा, किती वेगाने. पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, आणि आत्याने दाबलेली काळी चार ६८. वेग ० ते १२७ मध्ये. पट्टी सोडली की पुन्हा तीन आकडे. बस. सूर नाही, स्वरांचा रंग नाही. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी मेळ्यात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ असे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडून दाखवले गेले, एकावर वाजवलं की दुसरा बोलायला लागला, आणि तिथून हे सुरू झालं. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी या दोघांच्या पुढाकाराने मिडी नावाची ही भाषा ठरली आणि तिच्यावर कुणी स्वामित्वधन लावलं नाही. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांना त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळालं. वायरीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स, म्हणजे एका पट्टीचे तीन आकडे पोचायला साधारण एक मिलिसेकंद. आजच्या मानाने हे हास्यास्पद मंद आहे, आणि तरी त्यातले ते तीन आकडे आज माझ्या यूएसबीच्या वायरीतूनही तसेच्या तसे जातात.

निरोप्या वाद्य आपल्याकडे नवीन नाही, हे मला आत्या सांगलीला परत गेल्यावर सुचलं. गणपतीत, हळदीत, गावच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड न पाहिलेला माणूस महाराष्ट्रात सापडणं अवघड. दोन काठ्या, आठ चौकोन, आणि त्यामागे मान उडवत वाजवणारा, ज्याच्याकडे गायकापेक्षा जास्त मुलं बघत असतात. रोलँडने पहिला ऑक्टोपॅड काढला तो १९८५ मध्ये, आणि त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो निव्वळ मिडीचे आकडे पाठवायचा. ढोल, टाळी, काच फुटल्याचा आवाज, जे काही वाजायचं ते शेजारच्या दुसऱ्या यंत्रातून. नंतरच्या मॉडेलांमध्ये आवाज आत आले. पण मूळचा तो आत्याच्याच व्याख्येतला निरोप्या. काठी चौकोनावर पडताना दिसते आणि आवाज त्याच क्षणी येतो, म्हणून बघणाऱ्याला तो चौकोनच वाजतोय असं वाटतं. ते तसं वाटणं हेच खरं तर सगळं काम आहे.

ते वाटणं तुटतं कधी, तर उशीर झाला की. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पट्टी दाबल्यानंतर आवाज यायला जाणवेल इतका वेळ लागायचा. सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे, म्हणजे नमुने, बादलीत भरून मग ओततं. त्या बादलीचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने १,०२४ नमुन्यांचा बफर ठेवला तर २३ मिलिसेकंद नुसते तिथेच जातात. १२८ चा ठेवला तर जेमतेम तीन, पण मग जुना प्रोसेसर दमतो आणि आवाजात चरचर येते. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे २३ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे आपली पेटी आपल्यापासून जवळजवळ आठ मीटरवर, शेजारच्यांच्या हॉलमध्ये ठेवली आहे आणि आपण इकडून वाजवतोय. हात हे लगेच ओळखतो. मेंदू आकडेमोड करत बसतो, हात मात्र आधीच वाजवण्याचा वेग कमी करून आवाजाची वाट बघायला लागलेला असतो. बाहेरून जोडायचा साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपचं आवाजाचं काम उचलणारी डबी, घेतल्यावर हा प्रकार मिटला. हौशी माणसाने नॉबवर पैसे घालण्याआधी तिथे घालावेत असं माझं मत आहे. ते मी विचारलं नाही तरी सांगतो, आणि कुणी ऐकत नाही, कारण इंटरफेसला दिवे कमी असतात.

दिव्यांचं खरं आहे. या नादात माणूस बहुतेक वेळा दिव्यांमुळे आणि नॉबमुळे शिरतो. स्क्रीनवर सगळं माऊसने होतं. फिल्टर उघडा, आवाज वाढवा, प्रतिध्वनी लांबवा. माऊस नेमका असतो, कधी चुकत नाही. तरीही एक खरा, रबरी टोपीचा नॉब दोन बोटांत धरून फिरवला आणि आवाज गढूळचा स्वच्छ होत गेला, की पोटात काहीतरी हलतं. माऊसने तेच केलं तर हलत नाही. मी याचा बराच विचार केला आहे. मला वाटतं कारण साधं आहे: माऊसने फिल्टर फिरवताना डोळे फिल्टरच्या चित्राकडे असतात, आणि आपण ते चित्र बरोबर दिसेपर्यंत फिरवतो. नॉब फिरवताना डोळ्यांना काम नसतं, म्हणून कान काम करतात. रात्री घरातले झोपल्यावर स्क्रीनचा उजेड कमी करून मी कित्येकदा डोळे मिटून नुसता एक नॉब फिरवत बसलो आहे. त्याला कुणी संगीत म्हणणार नाही. बायको तर नाहीच.

आणि यातला निम्म्याहून जास्त वेळ वाजवण्यात जात नाही, जोडण्यात जातो. कोणता नॉब काय करणार हे नॉबला माहीत नसतं. तो फक्त सांगतो: मी अमुक क्रमांकाचा, माझी किंमत आता इतकी. पुढे काय ते आपण ठरवायचं. एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी मॅप चालू केलं की स्क्रीन निळी होते, जिथे जोडायचं तिथे क्लिक करायचं, हातातला नॉब हलवायचा, झालं. रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये थोडं जास्त खणावं लागतं. गंमत आणि मनस्ताप दोन्ही इथून सुरू होतात. पहिल्या नॉबवर फिल्टर ठेवावा की प्रतिध्वनी? डाव्या बाजूला ठेवावा की उजव्या? गाणं बदललं तर तेच राहू द्यावं की बदलावं? पेटीवाल्याला हे प्रश्न कधी पडले नाहीत. युरोपातली हार्मोनियम पायाने हवा भरायची होती. आपल्याकडे जमिनीवर बसून वाजवायची म्हणून कुणीतरी भाता मागे घेतला आणि डाव्या हाताला दिला. संगीत नाटकांच्या पायपेट्यांनी तो पुन्हा पायांकडे नेला, दोन्ही हात मोकळे केले. हे निर्णय कारागिरांनी कधीच घेऊन टाकले होते. आत्याने ते आयते घेतले आणि त्यावर आयुष्य काढलं. इथे मी रोज रात्री स्वतःच स्वतःचा कारागीर. दहा वाजता बसतो, साडेअकराला सगळं मनासारखं जोडून होतं, आणि मग झोप येते.

काही फजित्या तर फक्त याच जातीच्या वाद्याच्या. काल नॉब अर्ध्यावर ठेवून लॅपटॉप बंद केला, आज दुसरं गाणं उघडलं. सॉफ्टवेअरच्या मते तिथला आवाज शून्यावर आहे, नॉबच्या मते अर्ध्यावर. नॉबला केसभर धक्का लागला की आवाज शून्यावरून एकदम अर्ध्यावर उडी मारतो, हेडफोनमध्ये, रात्री. यावर उपाय आहेत: एक म्हणजे नॉब जोवर स्क्रीनवरच्या किमतीला येऊन भेटत नाही तोवर सॉफ्टवेअरने त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं, दुसरा, टोक नसलेले, गरगर फिरणारे एन्कोडर वापरायचे, जे जागा सांगत नाहीत, फक्त ‘थोडं वर’ किंवा ‘थोडं खाली’ सांगतात, तिसरा आणि महागडा, मोटर लावलेले फेडर, जे गाणं बदललं की आपोआप आपापल्या जागी सरकतात. हे शेवटचे मी एका ओळखीच्या स्टुडिओत पाहिले. गाणं उघडलं आणि फेडरांची रांग कुणी हात न लावता खळ्ळकन जागेवर गेली. मला ते पाहून मजा वाटली आणि थोडं अस्वस्थही. स्टुडिओवाला म्हणाला, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं.

आणखी एक खोड पेटीच्या माणसाला लगेच कळते. पेटीची पट्टी जोरात मारा की हळू दाबा, आवाज तेवढाच, जोर भात्याचा. मिडी कीबोर्ड मात्र पियानोच्या घराण्यातला, पट्टी किती वेगाने खाली गेली ते मोजणारा. आत्यासारखी बोटं सरकवत वाजवणारी व्यक्ती त्यावर बसली तर एक सूर ४० ने बोलतो, पुढचा ९० ने, आणि गाणं उगाच ठेचकाळतं. म्हणून पेटीचा आवाज लावला की मी तो तिसरा आकडा मारून टाकतो, प्रत्येक पट्टी एकाच वेगाची. मग सगळे सूर सारखे झाले, सपाट झाले, आणि पुन्हा तोच प्रश्न: जोर कुठून आणायचा?

डाव्या हाताला काम नाही असं मी म्हटलं, ते पूर्ण खरं नाही.

माझ्या कीबोर्डच्या डाव्या टोकाला दोन चाकं आहेत. १९७० च्या मिनिमूग सिंथेसायझरपासून ही चाकं डावीकडेच असतात. उजवा हात वाजवणार, डावा सूर वाकवणार अशी वाटणी. एक चाक कंप वगैरे देतं. दुसरं सूर वर-खाली ओढतं आणि सोडलं की स्प्रिंगने मधे परत येतं. आपल्या दृष्टीने ते मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याचं चाक. आणि इथे मला नेहमी इतिहासाचा एक चिमटा बसतो. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेपांतला मोठा आक्षेप हाच की पेटीतून मींड निघत नाही, सूर ठोकळ्यासारखे वेगवेगळे उभे राहतात, आणि तिचे बांधलेले सूर आपल्या श्रुतींशी, सुरांच्या बारीक जागांशी, जुळत नाहीत. महाराष्ट्राने ही बंदी कधी मनावर घेतली नाही. गोविंदराव टेंब्यांपासून तुळशीदास बोरकरांपर्यंत पेटीवाल्यांनी त्या ठोकळ्यांतूनच गळ्याचा भास काढून दाखवला, आणि ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी तर बावीस श्रुतींची पेटी बनवली. पण आक्षेपात तथ्य नव्हतं असं नाही. आणि ज्या डाव्या हाताकडून आम्ही भाता काढून घेतला, नेमकी त्याच हाताला यंत्राने मींड दिली! बंदी आली तेव्हाच हे चाक असतं तर काय झालं असतं, असा विचार मी एका रात्री केला आणि भूप राग काढायला बसलो.

भूपात पंचमावरून गंधारावर येणारी मींड, तार षड्जावरून धैवतावर येणारी मींड, दोन्ही तीन अर्ध्या स्वरांच्या. चाक कारखान्यातून येतं ते दोन अर्ध्या स्वरांपुरतं, तेव्हा आधी सॉफ्टवेअरमध्ये त्याची मजल वाढवायची. पाचांपर्यंत वाढवली तर तीन अर्धे स्वर चाकाच्या अर्ध्याहून थोड्या पुढे येतात. तिथे नेमकं कुठे थांबायचं हे अंगठ्याला सापडायला बरेच दिवस लागतात, कारण तिथे काही खूण नाही, नुसता स्प्रिंगचा विरोध. आकड्यांच्या बाबतीत चाकाचं भाग्य मोठं: नॉबला ० ते १२७ अशा १२८ पायऱ्या मिळतात, चाकासाठी मात्र भाषेत १६,३८४ ची सोय आहे, म्हणून सूर पायरी-पायरीने न चढता घसरतो. पण मी हौसेने मागे तानपुरा लावून ठेवला होता, त्याच चॅनेलवर. चाक खाली ओढलं तसा पंचम गंधाराकडे गेला, आणि त्याच्याबरोबर सगळा तानपुराही खाली घरंगळला. चाक सुरांवर चालत नाही, चॅनेलवर चालतं. त्या चॅनेलवर जे कोणी असेल ते सगळे वाकणार. मैफलीत कुणी मींड घेतली म्हणून तानपुरे वाकलेत असं कधी ऐकलंय? तानपुऱ्याला दुसऱ्या चॅनेलवर हलवलं आणि प्रश्न मिटला. हल्ली प्रत्येक सुराला स्वतःचा चॅनेल देणारी पद्धत आली आहे, तिची अधिकृत ठरावपत्रं २०१८ मधली, आणि बोटाखाली मऊ पृष्ठभाग असलेली वाद्यंही निघाली आहेत, ज्यावर बोट नुसतं घसरवलं की मींड निघते. ए. आर. रहमान मंचावर कंटिन्यूम नावाचं असंच एक वाद्य वाजवतात. त्याची किंमत बघितल्यावर मी माझ्या चाकावर जास्त प्रेमाने बोट ठेवायला लागलो.

मींड बऱ्यापैकी निघायला लागली. पण ऐकताना ती पेटीही वाटेना आणि सारंगीही वाटेना. कुठल्याशा सिनेमातला साप वाटायची. श्वास नव्हता तिच्यात. तेव्हा आत्याचा भिंतीवर चाचपडणारा हात पुन्हा डोळ्यांपुढे आला आणि मी नॅनोकंट्रोल ओढून डावीकडे घेतला.

पहिला फेडर आवाजाच्या चढउताराला जोडला, म्हणजे मिडीतल्या ११ क्रमांकाच्या कंट्रोलरला. वर नेला की आवाज मोठा, खाली आणला की लहान. तासभर वाजवून पाहिलं. चांगलं होतं, आणि अगदीच चूक होतं. फेडर वर नेऊन सोडून दिला तरी सूर भरगच्च चालू राहतो. तासभर, रात्रभर, लाइट जाईपर्यंत. पेटीत असं काही नसतं. तिथे हात कुठे आहे याला अर्थ नाही, हात हलतोय का याला आहे. थांबलात की संपलं. फेडर जागा मोजतो आणि भाता मेहनत मोजतो, हा सगळा फरक होता, आणि एकदा तो असा दिसल्यावर झोप उडाली.

रीपरमध्ये स्वतःच्या छोट्या आज्ञावल्या लिहायची सोय आहे, जेएसएफएक्स म्हणतात. दिवसभर ऑफिसात तेच करत असल्यामुळे घरी येऊन कोड लिहायचा नाही असा माझा नियम आहे. तो त्या आठवड्यात बाजूला राहिला. कल्पना सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखी. फेडर जितका हलेल, वर की खाली याला महत्त्व नाही, तितकी हवा टाकीत भरायची. दर क्षणाला टाकी थोडी गळत राहणार. एक पट्टी दाबलेली असेल तर गळती कमी, तीन दाबल्या तर तिप्पट, कारण खऱ्या पेटीतही जास्त सूर उघडे असले की हवा लवकर संपते. टाकीत आता किती हवा आहे तो आकडा ११ क्रमांकावर पाठवायचा. ओळी फार नाहीत. सगळा जीव दोन आकड्यांत आहे: एका हालचालीने किती भरतं आणि एका क्षणात किती गळतं. गळती जास्त ठेवली तर बोट फेडरवर शिवणयंत्राच्या वेगाने चालवावं लागतं. कमी ठेवली तर पुन्हा रात्रभर वाजणारा तो निर्विकार सूर. या दोन टोकांमध्ये आत्याच्या पेटीची चाल कुठेतरी होती आणि ती माझ्या मनगटाला आठवत होती, मला नाही. मी आकडा बदलायचो, डोळे मिटून भाता मारायचो, मनगट सांगायचं, नाही, अजून थोडी जड. शेवटी तानेला एक आणि ठाय लयीच्या आलापाला एक असे दोन वेगळे आकडे ठेवावे लागले. खऱ्या पेटीत असले प्रकार करता येत नाहीत, म्हणजे ही फसवणूकच आहे. पण खऱ्या पेटीत मींडही येत नाही, तेव्हा एकदा फसवायला बसल्यावर काय.

फेडर भात्याच्या मानाने फारच किरकोळ वस्तू. बोटाएवढ्या खाचेत सरकणारी प्लास्टिकची टोपी. तळवा वापरायला जागा नाही, दोन बोटं दुखून येतात, आणि आतला भाता भरत आल्याचा तो विरोध तर कुठेच नाही. टाकी भरली हे फक्त कानाने कळतं. शिवाय मींड घ्यायची तर डावा हात चाकावर हवा, आणि हवा भरायची तर फेडरवर. दोन्ही एकदम होत नाही. हवा भरायची, पटकन चाकाकडे जायचं, टाकी रिकामी व्हायच्या आत मींड संपवायची, परत यायचं. हे बरंच दमवणारं आहे. त्यात एक गोष्ट आपोआप झाली: मींड हवा उतरत असतानाच घ्यावी लागते, म्हणून प्रत्येक मींड शेवटाकडे विरत जाते. साप गेला. ते मी ठरवलेलं नव्हतं, हाताच्या धावपळीतून निघालं.

भूपाचा तो तुकडा मी व्हॉट्सअॅपवर आत्याला पाठवला. कशावर वाजवलंय ते लिहिलं नाही. संध्याकाळी तिचा आवाजी निरोप आला. मागे मंडळाच्या झांजा ऐकू येत होत्या. “कुणाची पेटी आहे रे? सूर बरे आहेत. पण भाता मारणारा नवखा दिसतोय, तिसऱ्या आवर्तनात दमलाय बघ.” मग ती मटारच्या भावाबद्दल बोलली. मी ते तिसरं आवर्तन पुन्हा ऐकलं. तिथे मी खरोखरच दमलो होतो.

मुलगी अकरावीत आहे आणि तिला भूपात किंवा पेटीत काही रस नाही. ती त्याच लॅपटॉपवर, त्याच कीबोर्डवर ढगाळ आवाजांचे संथ ठेके बनवते, ज्यात पाऊस पडत असतो आणि कुणीच घाईत नसतं. परवा मी ऑफिसातून आलो तर तिने माझी भात्याची आज्ञावली उचलून आपल्या ट्रॅकवर टाकलेली. आवाजाला नाही, फिल्टरला जोडलेली. फेडर हलवला की सगळं गाणं हळूहळू पाण्यातून वर येतं, थांबवला की परत बुडत जातं. मला हे दहा वर्षांत सुचलं नसतं. “बाबा, हे फार लवकर बुडतंय, गळती कमी करता येते का?” तिने हेडफोन न काढता विचारलं. मी आकडा कुठे आहे ते दाखवलं. तिने तो माझ्या कुठल्याही आकड्यापेक्षा कितीतरी खाली नेला, इतका की एकदा भरलेली हवा मिनिटभर पुरावी, आणि मग पावसाच्या आवाजासाठी अशी दुसरी टाकी हवी म्हणाली. ती मी रविवारी करून दिली. नॅनोकंट्रोलवर आठ फेडर आहेत. एक माझा, दोन तिचे, आणि उरलेल्या पाचांपैकी तिघांच्या टोप्यांवर तिने आत्ताच हिरवी टेप लावून ठेवली आहे.